मराठीतलं ‘बघते’

हॉटेलातली नोकरी सोडून कुणी चाललं की त्याच्याकडून एक फॉर्म भरून घ्यायचा, हे माझं काम. दिल्ली विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात मी एचआरमध्ये होते. ‘नोकरी सोडण्याचं कारण’ या रकान्यात जवळजवळ सगळे ‘घरगुती’ लिहीत. मी फॉर्म फाइलला लावायची आणि नव्या माणसाच्या शोधाला लागायची. कारण घरगुती, म्हणजे आम्ही सुटलो. मीटिंगमध्ये मात्र माणसं का टिकत नाहीत यावर आम्ही तावातावाने बोलायचो आणि उपाय म्हणून वाढदिवसाला केक कापायचो.

हाउसकीपिंगला एक सुपरवायझर होती, मूळची साताऱ्याकडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे गाझियाबादला आलेली. चादरीवरची एक सुरकुती तिला खपायची नाही. चारचौघांत मला ‘मॅडम’ म्हणायची, एकटी भेटली की ‘ताई’. दिवसभर हिंदी बोलून कंटाळलेल्या मला तिच्याशी चार वाक्यं बोलली की बरं वाटायचं.

एकदा ती केबिनमध्ये आली. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला कमी ऐकू यायचं. अशा मुलांना बोलायला शिकवणाऱ्या केंद्रात मोठ्या खटपटीने बुधवारची जागा मिळाली होती. आई सोबत हवीच, आणि लागोपाठ दोन बुधवार चुकले तर जागा दुसऱ्या मुलाला.

“ताई, मला फक्त बुधवारची सुट्टी पक्की करून द्या. रविवारी ड्यूटी करीन, दिवाळीला करीन.”

आमच्याकडे सुट्टीचा वार कुणालाच पक्का नव्हता. पुढच्या आठवड्याच्या ड्यूट्या रविवारी संध्याकाळी बोर्डावर लागायच्या, तेव्हाच काय ते कळायचं. एकीला दिलं तर सगळे मागतील, ही आमच्या मॅनेजरसाहेबांची भीती, आणि मलाही ती पटायची. हे तिला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण तोंडावर नाही म्हणवेना. मी म्हटलं, “बघते.”

आणि बघितलं नाही. साहेबांकडे विषयसुद्धा काढला नाही. कटकट नको, एवढंच त्याचं कारण. सुरुवातीचे काही बुधवार योगायोगाने तिला सुट्टीच मिळाली आणि मी हुश्श केलं. मग लग्नसराई आली, हॉटेल भरलं, आणि लागोपाठ दोन बुधवार तिची ड्यूटी लागली. बदलून मागितली तर तिच्या विभागाने साफ नकार दिला.

पुढच्या सोमवारी ती राजीनामा घेऊन आली. केंद्रातली जागा गेली होती; पुन्हा मिळवायची तर ही नोकरी सोडण्यावाचून तिला वाट नव्हती. मी फॉर्म पुढे सरकवला. कारणाच्या रकान्याशी ती थांबली.

“काय लिहू?”

“घरगुती लिही,” मी सवयीने म्हणाले.

तिने पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. “इथे कुणी ‘देखते हैं’ म्हणालं की मी समजते, काम होणार नाही. मग दुसरी वाट शोधते. पण तुम्ही मराठीत ‘बघते’ म्हणालात. माझी आई ‘बघते’ म्हणाली की बघायचीच. घराजवळच्या शाळेत काम मिळत होतं तेव्हा. तुमच्या भरवशावर मी त्यांना ‘नको’ म्हणून कळवलं.”

मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर तिचा रागही आला, इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकायला सांगितला होता म्हणून. तिने रकाना कोराच ठेवला, सही केली आणि गेली.

त्याच दिवशी मी साहेबांकडे गेले. सुट्टीचे वार महिनाभर आधी ठरवून द्या, म्हटलं. वाद झाला, आणि अखेर हाउसकीपिंगपुरतं त्यांनी मान्य केलं. एवढंच करायचं होतं. एक दुपार पुरली.

आता माणसं थोडी टिकतात, मीटिंगमध्ये माझं कौतुक होतं, आणि मला तिथे बसवत नाही. बुधवार आला की फोन हातात घेते. तिचा नंबर माझ्याकडे आहे, पण लावायची हिंमत होत नाही. त्या मुलीला आता किती बोलता येतं, मला माहीत नाही.