परत आलेल्यांची सोयरीक

जवळा बाजार गावात शिवकन्येला नावानं हाक मारणारे थोडे आणि पाठीमागं 'ती परत आलेली' म्हणणारे फार. सासर परभणीकडचं. मूलबाळ होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी करून आणली आणि वर म्हणाला, "तू बी ऱ्हाय की. तुला कोन जा म्हनलं?" शिवकन्येनं त्याच दिवशी ट्रंक भरली आणि एसटीनं माहेर गाठलं. घरात विधवा आई भिकाबाई, भाऊ विश्वंभर, भावजय आणि भावाची पोरगी आरोही. शिवकन्येनं शिलाई मशीन मांडली, ब्लाऊज शिवायला घेतले, कुणाला जड झाली नाही. तरी नाव पडलं ते पडलंच.

ब्लाऊजचं माप द्यायचं म्हणजे दार लोटून घ्यावं लागतं, आणि दार लोटलं की बाया बोलतात. एकीला नवऱ्यानं टाकलेलं, एकीचा नवरा मोटरसायकलवरून पडून गेलेला, एक मार खाऊन खाऊन स्वतःच उठून आलेली. शिवकन्या तोंडात टाचण्या धरून ऐकायची. एकटी असली की मशीन चालवताना मोबाइलवर पॉडकास्ट लावायची. पुण्या-मुंबईच्या बायांच्या गप्पा असायच्या. छान बोलायच्या त्या. पण ऐकता ऐकता एक दिवस तिचा पाय मशीनवरच थांबला. यांच्यात आमच्यातली एक बी काहून न्हाई?

घरात शांत जागा कुठली? मागच्या खोलीत वेचलेला कापूस छतापर्यंत रचलेला होता. तिथं दार लावून बोललं की आवाज कसा मऊ यायचा, कुठं घुमायचा नाही. शिवकन्येनं कापसात बूड टेकायपुरती जागा केली आणि मोबाइलपुढं बोलायला लागली. पहिले दोन-तीन भाग तिनं बातम्या देणाऱ्या बाईसारखे केले. 'नमस्कार श्रोतेहो, आज आपण एका महत्त्वाच्या विषयावर चर्चा करणार आहोत.' कुणी ऐकलं नाही. एका गिऱ्हाईक बाईला तिनं मोठ्या हौसेनं ऐकवलं, तर ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"ताई, कोन बोलून राहिली ही? तू हायेस व्हय? मला वाटलं बँकेतून फोन आला."

शिवकन्येला राग आला, पण दुसऱ्या दिवशी ती परत कापसात जाऊन बसली आणि आपल्या बोलीत सुरू झाली. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा आपण स्वयंपाक करत होतो आणि भाकरी तव्यावर तशीच टाकून निघालो, एसटीत शेजारच्या बाईनं 'माहेरी चाललीस का, किती दिवस?' असं विचारलं आणि आपल्याला उत्तर देता येईना, हे सगळं तिनं सांगितलं. कार्यक्रमाचं नावही बदलून टाकलं. लोकांनी दिलेलंच ठेवलं, 'परत आलेली'.

हा भाग मात्र पाय फुटल्यासारखा गेला. व्हॉट्सॲपवर एकीनं दुसरीला, दुसरीनं बहिणीला, बहिणीनं नणंदेला पाठवला. कापूस वेचणाऱ्या बाया एकीचा मोबाइल ओच्यात ठेवून तासन्‌तास ऐकत पुढं सरकायच्या. बघायचं काही नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं, म्हणून हात मोकळे राहायचे. आणि बाई काय ऐकते आहे ते घरच्यांना दिसायचं नाही, हे तर सगळ्यांत बरं. शिवकन्याही शिकत गेली. भाग दर बाजाराच्या आदल्या दिवशीच टाकायचा, म्हणजे बाजारात त्यावर बोलणं होतं. शेवटी एक प्रश्न विचारून सोडायचा. उत्तरं आवाजातच मागवायची आणि ज्यांची हरकत नसेल त्यांची, नाव-गाव गाळून, पुढच्या भागात लावायची. स्वतःचा आवाज ऐकायला मिळतो म्हटल्यावर माणसं आपल्या ओळखीच्या दहा जणांना ऐकायला लावतात. वसमत, कळमनुरी, औंढा, पार पुसदपर्यंत कार्यक्रम पोचला. कापूस विकला गेला, खोली रिकामी होऊन आवाज घुमायला लागला, तर लोकांनी कळवलं, "ताई, घर बदललं का?" मग तिनं भिंतींना गोधड्या टांगल्या.

अशात वसमतकडच्या एका खेड्यातून आशाबाईचा आवाज आला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पदरात एक मुलगी, आणि दिराच्या घरात ती मजुरासारखी राबत होती.

"ताई, तुमी समद्यांचं ऐकून घेता," आशाबाई म्हणत होती. "पन मला नुसतं ऐकून घेनारं नको. मला जोडीदार पायजे. तुमच्या ऐकनाऱ्यात हाय का कुनी? माजं नाव सांगितलं तरी चालल. मी चोरी न्हाई करून राहिले."

शिवकन्येनं ते पुन्हा पुन्हा ऐकलं. बाईमाणसानं असं तोंडानं मागितलेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं तो आवाज जसाच्या तसा कार्यक्रमात लावला.

पुढचे दिवस फोनला उसंत नव्हती. त्यात कचरा पुष्कळ. कुणी चेष्टा करी, कुणी घाण बोले. अशांना ती आधी शिव्या देई आणि मग नंबर बंद करी. पण त्यात खरे आवाजही होते. टाकलेल्या, विधवा, घटस्फोट झालेल्या बाया, आणि पुरुषही. सगळ्यांचं मागणं एकच होतं, आमचं बी जमवा. सोयरीक जमवणाऱ्या लोकांकडं यांच्यासाठी स्थळ नसायचं, असलंच तर म्हातारा बिजवर किंवा दारुडा.

ऐकणारी माणसं अशी गिऱ्हाईक होऊन दारात आली तेव्हा शिवकन्येनं काम रीतसर करायचं ठरवलं. कार्यक्रमात स्पष्ट सांगितलं, "ज्याला लग्न करायचं त्यानं आधी मला आपल्या तोंडानं सांगायचं, पहिला संसार काहून मोडला. खोटं बोललेलं कळलं की नाव कट. प्रश्न आधी बाई विचारनार, मंग बाप्या. आनि लग्न ठरलं की दोगांकडून बराबर फी घेनार. पुन्याचं काम हाय, फुकट कर, असं म्हननाऱ्यांनी दुसरीकडं जावं. मशीन बंद ठेवून हे काम करते मी."

त्याच सुमारास सोनाजीचा आवाज आला. आखाडा बाळापूरचा, ट्रॅक्टरवर असणारा. "माजी बायको मला सोडून गेली," तो अडखळत म्हणाला. "ती बराबर होती. मी तिचं कदी ऐकलंच न्हाई. आता तुमच्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या बायकांचं ऐकतो तवा समजते, ती काय सांगत होती." शिवकन्येनं त्याच्या पहिल्या बायकोचा नंबर मिळवून तिला फोन केला. ती आता दुसऱ्या घरात सुखात होती. ती म्हणाली, "मानूस वाईट न्हाई. बहिरा होता." तेवढं पुरे होतं. शिवकन्येनं सोनाजीचं नाव आशाबाईला सुचवलं.

गावात मात्र धूर निघायला लागला. किशनबापू हे गावातले जुने सोयरीक जमवणारे. त्यांच्याशिवाय पंचक्रोशीत साखरपुडा होत नसे. ते दोन माणसं घेऊन विश्वंभरच्या ओट्यावर येऊन बसले.

"विश्वंभर, तुजी भैन घरं मोडायचा धंदा मांडून बसली. नांदनाऱ्या बाया बी उद्या उठून चालल्या जातील."

शिवकन्या आतून बाहेर आली. "बापू, मी कुनाचं मोडलं ते नाव सांगा. मोडलेलंच येते माज्याकडं. तुमी जमवलेली लग्नं बी त्यात हायेत. सांगू का कुनाकुनाची?"

बापूंचा चेहरा काळवंडला. ते विश्वंभरकडंच बघून म्हणाले, "आरोहीला स्थळ पाहून राहिलास ना? पाहुने इचारतात, घरात काय चालू हाय म्हनून." आणि उठून गेले.

विश्वंभर वाईट माणूस नव्हता. परत आलेल्या बहिणीला त्यानं एका शब्दानं दुखवलं नव्हतं. पण पोरीचं लग्न म्हटल्यावर त्याचा धीर सुटला.

"शिवू, बंद कर हे. लेकराचं वाटोळं होईल. न्हाई तर... माज्या घरात न्हाई."

"आरोहीला इचारलंस का?"

"तिला काय इचारायचं?"

"तेच तर, दादा," शिवकन्या म्हणाली. "तुज्या घरात न्हाई म्हनलास ना? बराबर हाय. घर तुजं हाय. मी जाते."

भिकाबाई उंबऱ्यात बसून रडत होती. शिवकन्येनं गोधड्या उतरवल्या, मशीन हातगाड्यावर घातली आणि भर दुपारी, सगळा गाव बघत असताना, बसथांब्यापाशी एक गाळा, मागं राहायला खोली असलेला, भाड्यानं घेऊन तिथं मांडली. वर पाटी लावली: 'परत आलेली. पुनर्विवाह जुळवून मिळतील.' अक्षरं एवढी मोठी, की बसमधून वाचता यावीत.

तिथं पहिला भाग केला तेव्हा मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते. "ऐकू येऊन राहिलं का?" तिनं ऐकणाऱ्यांना विचारलं. "येऊ द्या. मी आता रस्त्यावरच बसले. ज्याला भेटायचं त्यानं या."

लोक यायला लागले. बाया पिशवीत ब्लाऊजपीस घालून यायच्या. कुणी विचारलं तर माप द्यायला आले म्हणता येतं. आत आल्यावर तो तुकडा पिशवीतच राहायचा आणि फोटो बाहेर निघायचा. पुण्याच्या एका ॲपवाल्यांचाही फोन आला. तुमच्या ऐकणाऱ्यांचे नंबर द्या, आम्ही भागीदारी देतो. शिवकन्या म्हणाली, "लोकांनी नंबर मला देल्ले. ते माजे न्हाईत, मी कसे देऊ?"

आशाबाई आणि सोनाजीची भेट याच गाळ्यात झाली. आशाबाईची बोटं हळदीनं पिवळी होती. काढणीपासून शिजवणीपर्यंत सगळा मोसम ती हळदीतच असायची. बसल्या बसल्या तिनं पहिलं वाक्य टाकलं.

"माजी पोरगी माज्यासंगं येईल. तिला मागं ठेवून मी येनार न्हाई."

"व्हय," सोनाजी म्हणाला. "कितवीला हाय?"

"आठवीला."

"आमच्या गावची शाळा दहावीपर्यंत हाय. पुढं मंग पाहू, नांदेड काय लांब न्हाई."

आशाबाई शिवकन्येकडं बघायला लागली. आणखी विचारायचं बरंच ठरवून आली होती, पण तिला ते आठवेना.

लग्न ठरलं आणि मग खरी गडबड झाली ती हळदीवरून. आशाबाईच्या दिरानं किशनबापूंना मध्ये घातलं. बापूंचं म्हणणं, रजिस्टर लग्न करा गुपचूप, कुणी अडवत नाही. पण विधवेला हळद? हे ऐकून आशाबाई फोनवर भडकली. "ताई, दुसऱ्याच्या वावरातली हळद काढून, शिजवून माज्या हाताची सालटी निगाली. ती समद्या जगाच्या अंगाला चालते. माज्याच अंगाला काहून न्हाई?"

शिवकन्येनं तिचं ते बोलणं, तिच्या परवानगीनं, पुढच्या भागात लावलं. शेवटी स्वतः एवढंच जोडलं, "हळद आमच्या गाळ्यापुढं, बाजाराच्या दिवशी. ज्यांना कुनी हळदीला बोलवत न्हाई, त्या समद्यांना आवतन."

त्या दिवशी सकाळी गाळ्यापुढं मांडव घालताना शिवकन्या सारखी रस्त्याकडं बघत होती. कुणी आलंच नाही तर? पण पहिली बस आली आणि तिच्यातून आठ-दहा बाया उतरल्या. मग टमटम भरभरून आल्या. तांड्यावरच्या, वसमतच्या, औंढ्याच्या. कपाळं मोकळी, अंगावर ठेवणीतली लुगडी. कित्येकींनी नवरा गेल्यापासून ती बाहेर काढली नव्हती. बाजाराला आलेले लोक भाजीची पिशवी हातात धरून उभे राहिले. आशाबाई पाटावर बसली तेवढ्यात दीर आणि किशनबापू गर्दीतून पुढं आले.

"हे आपल्यात चालत न्हाई," बापू ओरडले. "कोन सवाशीन हात लावनार हिला? एक तरी हाय का?"

खरंच, मांडवात पुढं यायला कुणी धजावेना. शिवकन्या पुढं निघाली, तोच तिच्या मागून कुणीतरी तिला बाजूला सारलं. भिकाबाई होती. घरापासून भर उन्हात चालत आली होती. तिनं वाटीत बोटं बुडवली आणि आशाबाईच्या दोन्ही गालांना हळद चोपडली.

"बापू," भिकाबाई म्हणाली, "तुमच्या पोरीच्या हळदीला मी दाराआड उबी होते. पुढं येऊ नको, मनून तुमीच सांगितलं होतं. आता सांगा बरं."

बापू काही बोलायच्या आत बायांचा लोंढा पुढं सरकला. हळद आशाबाईला लागली, मग शिवकन्येला, मग एकमेकींना. दीर कुठं गेला ते कुणी पाहिलं नाही. शिवकन्येनं मोबाइल चालूच ठेवला होता. तो भाग नंतर लोकांनी सगळ्यांत जास्त ऐकला. त्यात बोलणं जवळजवळ नाहीच, नुसता गोंधळ आणि हसणं आहे.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. आरोहीचं स्थळ मोडलं. पाहुण्यांनी कारण दुसरंच सांगितलं, पण विश्वंभरला काय ते कळलं आणि तो शिवकन्येशी बोलायचा बंद झाला. दिवाळीलाही त्यानं तिला घरी बोलावलं नाही. ते तिला लागलं, खोल लागलं. गाळ्याला कुलूप लावताना तिची नजर घराच्या वाटेकडं जाते आणि ती जबरीनं मान फिरवते. आरोही मात्र कॉलेजहून येताना गाळ्यावर थांबते, आत्याशी चार शब्द बोलते. पुढच्या स्थळाचं बोलणं निघालं तेव्हा तिनं बापाला सांगितलं म्हणे, मी आधी प्रश्न विचारणार. विश्वंभर त्यावर काय म्हणाला ते शिवकन्येला ठाऊक नाही.

आशाबाई बाळापुरात नांदते. शिवकन्येनं त्यानंतर आणखी बरीच लग्नं जमवली. एक मोडलंही, आणि ते का मोडलं हे तिनं कार्यक्रमात लपवलं नाही. लोक म्हणाले, गिऱ्हाईक तुटतील. तुटले नाहीत.

ऐकणारे अधूनमधून विचारतात, ताई, तुमचं कवा? परवाच्या भागात तिनं उत्तर दिलं. "माजं मला वाटल तवा. न्हाई वाटलं तर न्हाई. मी परत आले ते नवरा पायजे म्हनून न्हाई, त्या घरात ऱ्हायचं नव्हतं म्हनून. दोन्हीत फरक हाय, तो समजून घ्या." आणि लगेच पुढचा आवाज लावला. सेनगावकडची एक बाई होती, चाळिशीची, जरा घाबरलेली. शिवकन्या म्हणाली, "बोला, बाई. घाई न्हाई."