भावाचा रकाना

आमच्या घरात भाव ही सांगायची गोष्ट नव्हती, ऐकायची होती. रावेरजवळच्या आमच्या गावात केळीचा भाव रोज निघतो. पूर्वी तो फळ्यावर लिहिलेला असे, आता आबांच्या मोबाइलवर येतो. आबा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं केळी पिकवून त्यांनी एकदाही आपल्या मालाचा भाव आपल्या तोंडाने सांगितलेला नाही. गाडी भरून गेली की गावात एकच प्रश्न असतो, काय भाव लागला? जो लागला तो लागला. त्यावर पाच मिनिटं चरफडायचं आणि चहा प्यायचा.

हे आधी सांगते आहे, कारण त्याशिवाय माझा मूर्खपणा कुणाला समजायचा नाही.

मी जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शेडिंग शिकवलं आणि स्वतःची चित्रं पलंगाखाली ठेवली. कुणी मागितलं की देऊन टाकायची. वास्तुशांतीला, लग्नाला, बदली झालेल्या मुख्याध्यापिकांना. फुकट मिळतं म्हटल्यावर लोक फ्रेमचा रंगसुद्धा आपल्या पडद्यांना शोभेल असा सांगत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मला या सगळ्याचा एकाएकी संताप आला. चित्रं विकणारं एक संकेतस्थळ शोधलं, नाव नोंदवलं आणि माझं सगळ्यात आवडतं जलरंगातलं चित्र घेऊन गावी आले. केळीच्या खोडाला लोंबणारी वाळलेली पानं, नुसती तपकिरी. आबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, एवढे घड लटकले असताना आम्ही कापून फेकतो तेच बरं तू काढलंस.

अर्ज सोपा होता. चित्राचं नाव, मोजमाप, माध्यम, सगळं भरलं. मग किमतीचा रकाना आला. तो रिकामा ठेवला तर पुढे जाऊच देईना. तेव्हा मी, एक्केचाळीस वर्षांच्या बाईने, त्यांच्या मदतकक्षाला लिहून विचारलं की सध्या जलरंगाला काय भाव चालू आहे.

उत्तर सभ्य होतं. किंमत चित्रकारानेच ठरवायची असते. आपलीच फजिती म्हणून मी ते आबांना हसत हसत वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. चष्मा लावला आणि मोबाइल स्वतःच्या हातात घेतला.

“म्हंजे भाव आपुनच सांगाचा?”

हो म्हटलं. समोरच्याला पटला तर घेईल, नाही तर जाईल. आबांनी ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं. चुकून कुणी भलतंच लिहून पाठवलं असावं, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

मी हिशेब मांडला. कागद, रंग, फ्रेम, वर थोडे. अडीच हजार लिहिले. आबा शेजारीच बसले होते.

“हा त कागदाचा भाव झाला,” ते म्हणाले. “चित्राचा कुठी हाये?”

मी चिडले. तुम्हीच सांगा म्हटलं. तर म्हणाले, मी सांगणार नाही, दुसऱ्याने सांगायची खोडच वाईट. आणि उठून गोठ्याकडे निघून गेले. मी रकान्याकडे बघत बसले. ती पानं काढायला एकोणीस दिवस लागले होते. तो तपकिरी सापडायला किती वर्षं गेली ते मोजायची सोयच नव्हती. शेवटी अठरा हजार लिहिले. लिहिताना माझे कान तापले, चोरी करताना सापडल्यासारखे.

मग फोटो. जळगावला घरीच काढून आणलेला फोटो मला बरा वाटला होता. आबांनी तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, हे कपडे चित्रातलेच का? फ्रेमच्या काचेत ट्यूबलाइट होती, दोरीवरचे टॉवेल होते आणि गाऊनमध्ये मी होते. अठरा हजारांत हे सगळं द्यायचं म्हणजे कठीणच होतं. फ्रेम काढली. सकाळी आठला ओसरीच्या सावलीत खाटेवर चित्र ठेवलं आणि उजेड नीट पडावा म्हणून आबा पांढरी चादर ताणून उभे राहिले. आकार कळावा म्हणून एका फोटोत त्यांचा हात शेजारी घेतला. केळीच्या चिकाने काळे पडलेले डाग, कशानेच न जाणारे, त्या हातावर होते. त्यांना हात धुऊन यायचं होतं. मी जाऊ दिलं नाही.

तसाच एक डाग चित्राच्या खालच्या कोपऱ्यात होता. बागेत बसून काढताना चिकाचा थेंब पडला होता. मी फोटोत तो कोपरा कापणार होते. आबांनी अडवलं. लपवलेला डाग घेणाऱ्याला सापडतोच आणि मग तो सगळ्या मालाला नावं ठेवतो, एवढं त्यांना चाळीस वर्षांत कळलं होतं. मी डागाचा वेगळा फोटो लावला आणि तो कसा पडला तेही लिहिलं.

तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एका बाईंचा निरोप आला. चित्र फार आवडलं, पण डाग आहे, नऊ हजारांत द्याल का?

खरं सांगते, मला आनंद झाला. नऊ हजार! बोटं ‘चालेल’ लिहायला निघालीसुद्धा. मग आबांकडे पाहिलं. तो चेहरा मी लहानपणापासून पाहिला होता. व्यापारी घड उलटापालटा करून भाव पाडायचा तेव्हा आबा असेच जमिनीकडे बघत उभे राहायचे. मला इतका राग आला, की नऊ हजारांचा मोह तिथल्या तिथे उतरला. मी लिहिलं, “किंमत अठरा हजारच आहे, डागासकट.”

तीन दिवस काही नाही. पहिल्या दिवशी मी ताठ होते. दुसऱ्या दिवशी बारा तरी म्हणायला हवं होतं असं वाटलं. चौथ्या दिवशी सुट्टी संपत आली म्हणून बॅग भरत होते, तेव्हा मोबाइल वाजला. पूर्ण पैसे जमा झाले होते. खाली बाईंनी लिहिलं होतं, डागावर फ्रेमची पट्टी येऊ देणार नाही.

मी ओसरीवर नाचले. हो, नाचले. या वयात, आबांसमोर.

चित्र आबांनीच बांधलं. निर्यातीच्या खोक्यात केळीच्या फण्यांमध्ये घालतात ते पातळ फोम आणून त्यांनी ते असं गुंडाळलं, की डोंगरावरून फेकलं असतं तरी कोपरा दुमडला नसता. मग कुरिअरसाठी आम्ही रावेरला गेलो. बसस्टँडसमोर आबांचे चुलतभाऊ नाना भेटले. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, पोरीच्या चित्राले काय भाव लागला?

आबांनी खोकं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

“लागला नही,” ते म्हणाले. “आम्ही लावला.”