टरफलांना कान लावणारा

उमरखेडच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो, तेव्हा एक माणूस दर बाजाराच्या दिवशी यायचा. नाल्याला बांध घालून त्यानं तळं केलं होतं. त्यात नदीचे शिंपले वाढवायचा आणि पानाच्या चुन्यासाठी टरफलं विकायचा. शिंपले मरायला लागल्यापासून तो टरफलं दुपट्ट्याच्या गाठीत बांधून, पाण्यात काय बिघडलं ते कळावं म्हणून, माझ्याकडे आणू लागला. मी परीक्षानळीत तुकडा टाकून वर आम्ल ओतलं, की तो डोळे मिटून नळीला कान लावायचा. चांगलं टरफल बराच वेळ फसफसायचं. आजारी शिंपल्याचं पातळ टरफल लवकर गप्प व्हायचं, तळाशी नुसता पापुद्रा उरायचा.

"थकला," एवढंच तो म्हणायचा. त्याच्या त्या कान लावण्याची मला हळूहळू भीती वाटू लागली होती.

एकदा गाठीतून दात निघाला. त्याचाच होता.

"हा बी टाका, मास्तर. घरचे सारे त्याच तळ्याचं पाणी पिऊन राह्यलो."

"दातावरून तसं कळत नाही रे."

"तरी टाका."

मी टाकला. त्यानं कान लावला नाही. नळी माझ्याकडे सरकवली.

"आज तुमी आयका."