गायब चेंडूचा तपास

तो तपास आठवला की आजही माझी मलाच लाज वाटते. वर्दी नुकतीच उतरली होती आणि मी सिंगापुरात, आंग मो किओला, मुलीच्या फ्लॅटवर राहायला आलो होतो.

जावई पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा. दुसऱ्या एका कॉलेजशी त्यांचं फुटबॉलचं जुनं हाडवैर. ते या मंडळींनी नोकरीबरोबर इथंही आणलं. दरवर्षी सामना, जिंकणाऱ्याकडे कॉलेजच्या काळातला फाटका चामडी चेंडू. तो मैदानाच्या मध्यावर ठेवल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. सामन्याआधी हरलेल्यांनी जिंकलेल्यांचा झेंडा पळवायचा, हाही रिवाज. चेंडूला मात्र हात लावायचा नाही.

गेल्या वर्षी जावयाचा संघ जिंकला होता, म्हणून चेंडू आमच्या शोकेसमध्ये. बुधवारी तो गायब. कुलूप शाबूत. संध्याकाळी खबर आली: विरुद्ध संघाचा कॅप्टन आदल्या दिवशी आमच्या लिफ्टमध्ये दिसला होता, हातात पिशवी. जावयानं त्याला फोनवर चोर म्हटलं. तो म्हणाला, शनिवारपर्यंत माफी माग, नाहीतर सामना कायमचा बंद आणि आपली मैत्रीही.

पहिला संशय घरच्यांवर घ्यावा, हा माझा नियम. पण "जावईबापू, आपली हरकत नसेल तर" अशी सुरुवात केल्यावर कसला जबाब मिळणार? मुलीला तर विचारलंच नाही. ती चहा देत होती.

मग कॅप्टनला हॉकर सेंटरवर, इथल्या खाऊगल्लीत, बोलावलं आणि नुसता बघत बसलो. सराईतही याला टरकतात. हा रडवेला झाला.

"काका, मी झेंडा पळवायला आलो होतो. वहिनींनी दारातूनच परत पाठवलं. म्हणाल्या, यंदा सामना नाहीये."

"कधी?"

"मंगळवारी."

मंगळवारी चेंडू गेल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. मग सामना होणार नाही, हे मुलीला कसं कळलं?

घरी येऊन मुलीसमोर बसलो. "बाळा, चेंडू कुठंय?"

तिनं माझ्याच पलंगाखालची माझीच सुटकेस ओढली. मुद्देमाल स्वेटरखाली होता. सिंगापूरच्या उकाड्यात मी स्वेटर बाहेर काढणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

"पोलिसाची बॅग कोण तपासणार, बाबा? डॉक्टर म्हणालेत, याचा गुडघा पुन्हा दुखावला तर नीट चालता यायचं नाही. हा ऐकतच नाही."

जावई दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं तिथूनच मित्राला फोन लावून माफी मागितली आणि यंदा खेळणार नाही म्हणाला.

"मग लाइनमन हो," पलीकडून उत्तर आलं. "तसाही तू मैदानावर उभाच असतोस."

घरच्यांना संशयित धरवत नसेल, तर निदान त्यांच्याकडे नीट पाहावं, एवढं शिकलो. गुन्ह्याचा हेतू शोधायला मी गावंच्या गावं पालथी घातली होती. इथं तो रोज सकाळी माझ्यासमोरून लंगडत जात होता, आणि मी पेपर वाचत होतो.