आरशातली चांदणी
मी चौथीत शाळा सोडली. शिवाजीनगरात शिवणकाम करतो. मुलगी सरी एका छोट्या कॉलेजात सायकॉलॉजी शिकते. तिच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेला एक माणूस लागत होता. त्यानं कागदाकडं न बघता, नुसतं आरशात बघून चांदणी गिरवायची. मी म्हटलं, "मी येतो की!"

मग घाबरलो. बाप ढ निघाला तर पोरीचे मार्क जाणार. म्हणून तिला न सांगता आठवडाभर दुकानातल्या आरशासमोर बसून चांदण्या गिरवल्या.

परीक्षेत पहिल्याच झटक्याला चांदणी बरोब्बर. मॅडमनी विचारलं, "आधी सराव केला होता का?"

"मग! आठवडाभर!" मी छाती फुगवून सांगितलं.

मुलीनं कपाळाला हात लावला. "अप्पा, आधी चुकायचं, मग हळूहळू जमायचं. तेच तर मोजायचं होतं मला! आता काय लिहू?"

जन्मभर मापं चुकवून गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि चुकायचं त्याच दिवशी मला अक्कल आली.

मॅडम म्हणाल्या, "सरी, दहा मिनिटांत दुसरं कुणीतरी आण." ती पळत जाऊन गेटवरच्या वॉचमनला घेऊन आली. त्यानं इतक्या झकास चुका केल्या, की पोरगी खूश. मी दाराबाहेर उभा राहून त्याच्यावर जळत होतो.