उंबऱ्याची पिवळी पट्टी

माझं लग्न ठरलं आणि अण्णांना आमचं घर एकाएकी दिसायला लागलं. तोवर ते त्यात नुसते राहत होते. अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले, त्यामुळे दिवसभर घरात आणि दिवसभर अस्वस्थ. बसवनगुडीतल्या त्या घराच्या चौकटी खालच्या अंगाने वाळवीने खाल्ल्या होत्या, भिंतीतल्या कपाटांच्या कडांचे टवके उडाले होते, आणि पुढच्या दाराच्या उंबऱ्याची बाहेरची कड फुटून तिथे चांगली खाच पडली होती. "व्याही पहिल्यांदा आत येणार आणि त्यांचं धोतर इथे अडकणार," असं अण्णा रोज एकदा तरी म्हणत. ते पँट घालतात, असं मी सांगून पाहिलं. अण्णांनी ते ऐकलं नाही.

सुतार आला. त्याने कुजलेलं लाकूड काढून नवे तुकडे बसवले आणि म्हणाला, आता या सांध्यांवर प्लास्टिकच्या पट्ट्या मारून घ्या. हे साठच्या दशकातलं. प्लास्टिक तेव्हा नवं होतं आणि आजच्यासारखं बदनाम झालं नव्हतं. बादली, कंगवा आणि साबणाची डबी यापलीकडे आमच्या घरात ते शिरलं नव्हतं. सुताराने खिशातून नमुन्याचा तुकडा काढला. दोन बोटं रुंद, वरून गुळगुळीत, वाकवला की वाकणारा. रंग द्यायला नको, पॉलिश नको, पाण्याने कुजायची भीती नाही. आईने तुकडा हातात घेतला, वास घेतला आणि परत केला.

"कुणीतरी दुकानात जाऊन रंग निवडा," अण्णा म्हणाले. "मला सगळे सारखेच दिसतात."

रंग म्हटल्यावर मी अक्काकडे पाहिलं, आणि आईने मी पाहिलेलं पाहिलं.

अक्का माझी थोरली बहीण. आमचं घराणं कधीकाळी मराठी फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आलं आणि इथलंच झालं. त्यामुळे ताई नाही, अक्का. आईसुद्धा तिला अक्काच म्हणे. लग्नाआधी आमच्या गल्लीतल्या कुणाच्याही लग्नाचा बस्ता अक्काशिवाय बांधला जात नसे. कुठल्या अंगावर कुठला काठ शोभेल हे ती साडी न उलगडता सांगायची. आमच्या पुढच्या दाराचा उंबराही तिचाच होता. रोज सकाळी तो धुवायचा, त्याला हळद सारवायची, वर कुंकवाची बोटं ओढायची, मग रांगोळी. शेजारच्या कानडी बायका दुधाचं भांडं हातात घेऊन तिची रांगोळी पुरी होईपर्यंत उभ्या राहत.

मग तिचं लग्न झालं, आणि दोनच वर्षांत नवरा तापाने गेला. ती परत आली ती फिकट राखी साडीत. उंबऱ्याला हळद लावायची ती सवाष्णीने, नाहीतर कुमारिकेने. त्यामुळे अक्काचं ते काम गेलं. तिला कुणी "करू नकोस" म्हणालं नाही. आई एक दिवस तिच्या आधी उठली आणि वाटी घेऊन दारात बसली, एवढंच. रंगाचंही तसंच झालं. माझ्या साखरपुड्याची साडी आणायला आई, मावशी आणि मी गेलो. अक्का घरी कॉफीची भांडी विसळत राहिली. आम्ही आणलेली साडी दिसायला भयंकर होती. तिने पाहिली, "छान आहे" म्हणाली आणि घडी घालून ठेवली. मला त्या "छान आहे"चा इतका राग आला की मी जेवले नाही. राग कुणावर काढावा हे कळत नसलं की माझं असं होतं.

तर आईने मी पाहिलेलं पाहिलं, आणि थोडा वेळ विचार करून म्हणाली, "जाऊ दे अक्काला. प्लास्टिक आहे. त्याला काही शास्त्र नाही."

आईचं हे बरोबर होतं. रेशमाला शास्त्र, सुताला शास्त्र, तांब्याला, पितळेला, आंब्याच्या पानाला शास्त्र. प्लास्टिकचा शोध लागायच्या आधीच आमचे सगळे पूर्वज वारले होते, त्यामुळे त्याबद्दल कुणी काही सांगून गेलं नव्हतं. मी लगेच चपला घातल्या, आईचं मन बदलायच्या आत.

चिकपेटच्या एका गल्लीत ते दुकान होतं. दुकानदार म्हातारा, कानडी. "बसा अक्का, स्वल्प बसा," म्हणत त्याने तारेच्या कड्यांत ओवलेले नमुने आमच्यापुढे टाकले. तपकिरी, काळे, हिरवे, संगमरवरासारखे, कडेला सोनेरी रेघ असलेले. माझ्या डोळ्यांना तो सगळा कचराच होता. अक्का पहिल्यांदा हात मांडीत घेऊन बसली होती. मग तिने एक तुकडा उचलला, दाराशी गेली, उजेडात धरला, परत आली. दुसरा नेला. मग दोन एकत्र. मग म्हाताऱ्याला म्हणाली, "हा लाकडाचं सोंग घेतोय, हा नको. हा आपण प्लास्टिक आहे असं कबूल करतोय, हा बरा." म्हातारा हसला आणि त्याने आतली पेटी काढली.

तास कसा गेला मला कळलं नाही. अक्काचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि तिचं लक्ष नव्हतं. चौकटींना तिने गडद कॉफीचा रंग घेतला, कपाटांना हस्तिदंती. मापं तिला तोंडपाठ होती; माप घ्यायला सुताराबरोबर घरभर तीच फिरली होती. शेवटी उरला उंबरा. त्यालाही कॉफीच, असं मी म्हटलं. ती पेटीतल्या तळाच्या एका तुकड्याकडे बघत होती. हळदीसारखा पिवळा, आणि दोन्ही कडांना कुंकवासारखी तांबडी रेघ.

"हा," ती म्हणाली.

तो माल दुकानात नव्हता. मुंबईहून मागवावा लागेल, आणि मागवलेला माल परत घेणार नाही, असं म्हाताऱ्याने बजावलं. परत एकदा विचार करा, म्हणाला. अक्का म्हणाली, "सरी, ठीक आहे. मागवा." बसमध्ये मी तिला विचारलं, आईला काय सांगायचं? तिने खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं, "तू गेल्यावर उंबऱ्याला हळद कोण लावणार? आईला वाकता येत नाही." हे खरंच होतं. आईचे गुडघे गेल्यापासून ते काम माझ्याकडे होतं, आणि मी ऑफिसच्या घाईत भिंत लिंपावी तशी हळद फासून पळत असे. पण ते उत्तर पूर्ण नव्हतं, आणि ते तिलाही माहीत होतं.

माल आला तेव्हा मी ऑफिसात होते. संध्याकाळी घरी येते तो सुताराने पट्टी उंबऱ्यावर ठोकून टाकलेली, आणि आई समोर पाटावर बसून तिच्याकडे बघतेय. संध्याकाळच्या उजेडात ती पट्टी सुंदर दिसत होती. म्हणजे खरोखर सुंदर.

"हे कुणी आणायला सांगितलं?" आईने विचारलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

अण्णांनी तोंड घातलं. भांडण होऊ घातलं की ते नेहमी वकील होत. "अगं, चांगलंच झालं की. रोज सारवायची कटकट नाही. आणि दोष कसला? हळद लावायला हात लागतो. याला कुणाचा हात लागलाय? कारखान्यातल्या मशीनचा. ज्याला हात नाही त्याला दोष नाही."

युक्ती चांगली होती. आईचा चेहराही जरा सैल पडला. मला वाटलं, सुटलो. साप मेला आणि काठीही मोडली नाही.

"हात माझा आहे," अक्का म्हणाली.

आईने पट्टीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"तुकडा मी निवडला, मागवला मी. ठेवायचा असेल तर माझा म्हणून ठेवा, आई. कुणाचाच नाही असं म्हणून ठेवणार असाल तर काढून टाका. मी रागावणार नाही." आणि आत जाऊन तिने पोळ्या लाटायला घेतल्या.

इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. मागितलं ते हे. अण्णांनी पेपर उघडला. आईने तोंडात मिठाची गुळणी धरली ती लग्नाच्या दिवसापर्यंत. पट्टी काढा म्हणाली नाही, राहू द्या म्हणाली नाही. ये-जा करताना ती उंबऱ्यावरून पाय जरा जास्तच उचलून टाकायची, आणि ते बघून अक्काच्या लाटण्याचा आवाज क्षणभर थांबायचा. मी दोघींच्या मध्ये धुमसत फिरत होते. होणाऱ्या नवरीला बोलता येत नाही म्हणतात. ते दिवस मला फार जड गेले.

लग्न चामराजपेठेतल्या एका छत्रात, म्हणजे मंगल कार्यालयात, होतं. पण आमच्याकडे नवरीला घरातून बाहेर काढायच्या आधी आईने उंबरा पुजायचा असतो. पहाटेपासून घर बायकांनी भरलेलं. मावश्या, काकू, शेजारच्या कानडी बायका. मी आतल्या बाजूला मुंडावळ्या बांधून उभी. आई गुडघ्यांवर हात टेकत कशीबशी खाली बसली आणि तिने हळदीचं बोट पट्टीवरून ओढलं.

हळद थांबेना. गुळगुळीत प्लास्टिकवरून पाणी एकीकडे गेलं, हळद दुसरीकडे, आणि उंबऱ्याखाली पिवळा ओघळ आला. आईने पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा ओघळ. हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, अक्काच्यासुद्धा. बायका कुजबुजायला लागल्या. मावशीने पदर खोचला आणि म्हणाली, "ऊठ तू, मी लावते. मुहूर्त टळेल. असली प्लास्टिकची थेरं शुभकार्यात कुणी सांगितली होती?"

आईने मान वर केली. "माझ्या थोरल्या मुलीने," ती म्हणाली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने, "अक्का! ये इकडे. ही तुझी पट्टी हळद धरत नाही."

अक्का आली. अशा वेळी तिने मागच्या खोलीत राहायचं असतं हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं, तिलाही. ती दोन पावलं अलीकडे थांबली. मावशी म्हणाली, "अगं, काय करतेस तू?" हे आईला उद्देशून होतं. आई बाजूला सरकली आणि शेजारची जागा हाताने झाडली.

अक्का बसली. तिने पदराने पट्टी कोरडी केली, थोडा विचार केला, आणि म्हणाली, "पाण्यात नको. तेलात कालवून बघू." कुणीतरी तेल आणलं. तिने वाटीत बोट फिरवलं आणि एका टोकापासून हळद ओढायला सुरुवात केली. हळद बसली. तिचं बोट हळूहळू पुढे सरकत होतं, आणि जसजसं ते सरकत होतं तसतशी आई तिच्या हाताखाली वाटी धरून गुडघ्यांवर सरकत होती. ते दुखणारे गुडघे. छत्रातून निरोप आला, मोटार दारात वाजू लागली, अण्णा घड्याळ दाखवू लागले. आई म्हणाली, "थांबा. तिचं होऊ दे."

मला हुंदका आला तो आवरेना. बायकांनी माझी पाठ थोपटली, सासरी जाणाऱ्या पोरीचं असंच होतं म्हणाल्या. मी त्यांना तसं समजू दिलं.