रांची, राउरकेला आणि आमची राखीव गोलकीपर

हॉकीचं सगळ्यात जास्त वेड कुठल्या शहराला आहे, असं विचारायला आता लोक माझ्याकडे येतात. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नगर जिल्ह्यात कोल्हारपासून आत गेल्यावर आमचं गाव लागतं, तिथं सगळ्यांना क्रिकेट कळतं आणि दुसऱ्या खेळाशी कुणाचं देणंघेणं नाही. पण मी रांचीला बारा दिवस राहून आले आणि विचारणारे गेलेले नाहीत, म्हणून मला मान. मी उत्तर देते. खरं तर दोनच शहरांची नावं माझ्या कानावर पडली, पण ती इतक्या वेळा पडली की तिसऱ्याची गरज राहिली नाही.

माझी नात, थोरल्या मुलाची मुलगी, हॉकी खेळते. गोलकीपर आहे. म्हणजे बाकीच्या दहा जणी मैदानभर पळतात आणि ही पायाला गाद्या बांधून, तोंडावर पिंजरा घालून जाळ्यासमोर उभी राहते. मला हे काम पहिल्यापासून पटलं. आमच्या घरात विनाकारण पळायची कुणाला सवय नाही. ती पुण्याला खेळाच्या वसतिगृहात शिकली, मग राज्याकडून खेळली, आणि गेल्या हिवाळ्यात बायकांच्या लीगमधल्या एका संघानं तिला घेतलं. गावात पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर कळलं की तिला राखीव म्हणून घेतलंय.

राखीव गोलकीपरच्या नशिबी नुसतं बसणं. पळणाऱ्या पोरी दमतात, मग बाकावरच्या पोरींना आत जायला मिळतं. गोलकीपर कशाला दमते? तिच्या संघाची पहिली गोलकीपर परदेशातून आणलेली, दारात उभी राहिली तर पलीकडचा उजेड दिसू नये एवढी थोराड. ती दमेना, लंगडेना, तिला साधी सर्दीही होईना. नात फोनवर म्हणाली, "आजी, एकदा तरी उभं राहायला पायजे. करार एवढ्याच वर्साचा हाय. खेळलेच न्हाई तर पुढच्या वर्षी मला कोन घेईल? काय बघून घेतील?"

तिच्या बापाच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरलेली, आईच्या गळ्यात चार म्हशी. रिकामी मीच. लीगचे सामने रांचीला होते. मुलानं मला तिथं नेलं, एका बाईच्या घरात खोली बघून दिली आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसला. जाताना म्हणाला, "आई, तिथं कुनाला काय बोलू नको." मी ऐकून घेतलं.

घरमालकीण पन्नाशीची, शाळेत स्वयंपाक करायची. लीगचे सामने बघायला तिची नणंद राउरकेल्याहून येऊन राहिलेली. नणंदेचा नवरा तिकडे पोलादाच्या कारखान्यात. दोघींची हिंदी, माझी मराठी. पण आवाज चढला की तिघींना सगळं कळायचं, आणि आवाज पहिल्याच संध्याकाळी चढला.

"आमच्याकडं तिकिटं संपली की लोक पाण्याच्या टाकीवर चढून मॅच बघतात," नणंद म्हणाली.

"टाकीवर माकडंही चढतात," भावजय भाताची पेज काढता काढता म्हणाली.

"एवढं मोठं हॉकीचं स्टेडियम देशात दुसरं नाही."

"मोठं बांधलं म्हणजे कळतं असं होत नाही. आमच्या गावाकडं पोरी बांबूचं मूळ वाकवून त्याची काठी करतात आणि शेतात खेळतात. जिंकणाऱ्याला बकरं मिळतं. हरणारे रडतात आणि बकरं खायला थांबतात. याला वेड म्हणतात."

"याला भूक म्हणतात," नणंद म्हणाली.

मी दोघींना आळीपाळीनं "तुझं खरं" म्हणत होते. मग चौकशी केली तेव्हा कळलं की नणंदेचा जन्म रांचीचाच. लग्न होऊन राउरकेल्याला गेली आणि आता माहेरात बसून सासरच्या गावाची बाजू घेत होती. मला नवल वाटलं. माझं माहेर श्रीगोंद्याकडचं. मला या गावात येऊन साठ वर्षं झाली, तरी कुस्तीत कोल्हारचा पैलवान श्रीगोंद्याच्या पैलवानाखाली आला की मी पदराआड हसते.

कुस्तीचा विषय मी उगाच काढला नाही. जत्रेतला हगामा, म्हणजे कुस्त्यांचा फड, मी परकर नेसायची तेव्हापासून बघितलाय. बघणारा कसा आहे ते मला त्याच्या बसण्यावरून कळतं. ज्याला काही कळत नाही तो पैलवान दिसला की शिट्ट्या मारतो. ज्याला कळतं तो पकड बसेपर्यंत तोंडातली तंबाखूही थुंकत नाही. स्टेडियमात मी पहिले तीन सामने बघितले ते असे, मैदानाकडं पाठ आणि माणसांकडं तोंड करून. रांचीच्या बायका पोरं पाठीला बांधून आलेल्या. चेंडू जाळ्याजवळ आला की गप्प. कुणाच्या पायाला लागला की पंचाच्या शिट्टीआधी ह्या हात वर करायच्या. राउरकेल्याहून एक बस भरून माणसं आलेली, त्यांच्याकडं ढोल. ती चेंडू आला तरी ओरडत, गेला तरी ओरडत, आणि मधल्या सुट्टीत मैदानात कुणी नसताना नुसत्या मैदानाला ओरडत. आमच्या नातीच्या संघाला ज्या शहराचं नाव होतं, तिथून मात्र एक माणूस आला नव्हता. मी हिंडून शोधलं. त्या शहराला माझ्याकडून शेवटचा नंबर.

आणि तीनही सामने नात गाद्या बांधून बाकावर. लग्नात मुंडावळ्या बांधून बसवलेल्या धाकट्या भावासारखी.

आमच्याकडं हगाम्यात एखादा पैलवान लांबून येतो आणि त्याला जोड मिळत नाही. म्हणजे त्याच्याशी लढायला कुणी उभं राहत नाही. तेव्हा त्याला बसवून ठेवत नाहीत. गावचा जाणता माणूस त्याचा हात धरून वर करतो आणि आखाड्याभोवती फिरवतो, पुढं हलगी. सगळ्यांना दिसलं पाहिजे की हा लढायला आलाय. त्याला तसाच परत जाऊ देणं ही बघणाऱ्यांची लाज. माझ्या भावाला एकदा तीन फेऱ्या फिरवलं. चौथीला जामखेडच्या एकानं अंगरखा काढला. भाऊ हरला, पण लढून हरला.

मी ठरवलं, पोरगी फिरवायची.

त्याआधी थोडी मशागत केली. भावजयीला म्हटलं, "तुझी नणंद म्हणते, रांचीवाल्यांना नुसता चेंडू दिसतो, बाकावर बसलेलं माणूस दिसत नाही." नणंदेला म्हटलं, "तुझी भावजय म्हणते, राउरकेलावाले नुसतेच ओरडतात, एकीचं नाव घेऊन तिला आत घ्या म्हणायची त्यांची छाती नाही." दोघी असं काही म्हणाल्या नव्हत्या. वेळ मिळाला असता तर म्हणाल्या असत्या.

चौथा सामना दुपारी होता. मधल्या सुट्टीत संघ आत गेला, नात कठड्याशी आली. तिला शेंगदाण्याचे लाडू द्यायचेत म्हणून मी फाटकातून आत गेले. फाटकावरच्या शिपायानं आदल्या दिवशी त्यातलेच दोन खाल्ले होते, तो काय अडवणार. मी लाडू तिच्या एका हातात दिले, दुसरा हात धरून वर केला आणि मैदानाच्या कडेनं चालायला लागले.

"आजी, काय करतीस?"

"फिरवतीय. मान वर ठेव."

"आजी, कोच बघतोय."

"त्याच्यासाठीच हाय."

गाद्या बांधलेल्या माणसाला हात सोडवून पळता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. ती पाय फाकवून बदकासारखी माझ्यामागं. हगामा काय ते तिथं कुणाच्या बापाला माहीत नव्हतं. पण घरमालकीण उठून उभी राहिली आणि आजूबाजूच्यांना सांगायला लागली, ही नगरची पोरगी, हिला एकदाही उतरवलेली नाही. रांचीच्या बायकांनी ठेक्यात टाळ्या धरल्या. ते बघून नणंदेनं आपल्या बसमधल्या माणसांना काय सांगितलं कोण जाणे, ढोल सुरू झाला आणि "नगरवाली, नगरवाली" असं ओरडणं. मग टाळ्या वाढल्या. मग ढोल वाढला. कुणीच मागं हटेना. हलगीची उणीव मला जाणवली नाही.

अर्धी फेरी झाली. शिपाई धावत आले आणि माझ्यासमोर नुसतेच उभे राहिले. म्हातारीला हात लावायची कुणाची टाप नसते, याचा फायदा घ्यावा. शेवटी कोच आला. पंजाबी गडी, मिशीला पीळ.

"माताजी, हे काय चाललंय?"

"जोड लावतीय," मी म्हटलं. "पोरगी लढायला आलीय. बसायला तिला घरी ओटा हाय."

त्याला शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. नातीकडं बघून म्हणाला, शेवटच्या सामन्याला ती बाकावरही दिसणार नाही.

मला फाटकाबाहेर काढलं. नात दोन दिवस फोन घेईना. तिसऱ्या दिवशी घेतला आणि एवढंच म्हणाली, "माझा बाक तरी हुता, आजी. तोबी घालवलास." ती बरोबर बोलत होती. भावजयीनं केलेला भात त्या दिवशी मला थोडाच गेला. नणंद म्हणाली, "आमच्याकडं असं झालं असतं तर लोकांनी कोचची बस अडवली असती." भावजय म्हणाली, "पुरे कर ग. पोरीचं नुकसान झालंय आणि तू गाव मिरवतेस."

शेवटच्या सामन्याला मी लांब वरच्या पायरीवर बसले, शाल डोक्यावरून घेऊन. नात बाकावर होती. संघाकडं गोलकीपर दोनच, एकीला काढलं तर दुसरीला काही झाल्यावर उभं कुणाला करणार? रागाच्या भरात माणूस हे विसरतो, सकाळी उठल्यावर त्याला आठवतं.

संघ हरत होता. शेवटची पंधरा मिनिटं राहिली तेव्हा चार गोल मागं. लीगमधून तर ते आधीच बाहेर पडलेले. पहिल्यापासून दोन्ही बाजूंनी "नगरवाली" चाललंच होतं, आता ढोलवाल्यांनी बसणंच सोडलं. कोचनं एकदा वर बघितलं. मी शाल पुढं ओढली. मग त्यानं नातीला बोट केलं. बिघडायला काही उरलं नव्हतं, म्हणून केलं असेल.

पहिलाच फटका तिच्या पायांमधून आत गेला. राउरकेलावाल्यांनी तरी ढोल वाजवला, जसं काही तिनंच गोल केलाय. रांचीवाले गप्प. माझ्या शेजारी भावजय दातावर दात ठेवून म्हणाली, "डावा पाय आधी उचलला." मला ते ढोलापेक्षा बरं वाटलं.

मग पेनल्टी कॉर्नर आला. म्हणजे समोरच्या पोरी ओळीनं उभ्या राहतात आणि चेंडू सरळ अंगावर ठोकतात. नात आडवी पडली. चेंडू तिच्या गादीला लागून उडाला, परत मारला, तो तिनं पडल्या पडल्या हातानं ढकलला. त्या वेळी रांचीच्या बायका जागच्या उठल्या. पाठीवरची पोरं जागी होऊन रडायला लागली तरी कुणी खाली बसलं नाही. त्यानंतर तिनं आणखी एक अडवला. संघ हरलाच.

"एक खाल्ला, तीन अडवले," भावजय म्हणाली.

"मला पाच दिसले," नणंद म्हणाली.

"ढोल वाजला की तुला दुप्पट दिसतं."

म्हणून मी गावात विचारणाऱ्याला सांगते. आपलं माणूस चुकलं तरी त्याच्यासाठी घसा फोडणारी माणसं पाहिजेत तर राउरकेला. चूक कुठं झाली ते सांगून मग उठून उभी राहणारी पाहिजेत तर रांची. माझ्या घरात कुणी खेळणारं असेल तर मी त्याला रांचीत उतरवीन. मी स्वतः खेळणार असेन तर राउरकेल्यात.

कोच सामना संपल्यावर कठड्याशी आला. नात त्याच्यामागं, पिंजरा काढलेला, केस चिकटलेले. मला शालीसकट ओळखलं त्यानं.

"पुढच्या वर्षी हिला ठेवतोय," तो म्हणाला. "लोक ओरडले म्हणून नाही. कॉर्नरला आडवी पडली म्हणून. पण एक अट आहे, माताजी. तुम्ही यायचं नाही."

"कुठल्या शहरात?" मी विचारलं.

"कुठल्याच."

"आजी, व्हय म्हन," नात म्हणाली. बोलली माझ्याशी, हे मी लक्षात घेतलं आणि हो म्हटलं.

करार दोन महिन्यांनी घरी आला, इंग्रजीत. मुलगा ओसरीवर बसून मोठ्यानं वाचत होता आणि नात त्याचा मराठीत अर्थ सांगत होती. मी सगळा ऐकला. मग म्हटलं, पुन्हा वाच, शेवटचं पान सावकाश. दोन्ही वेळा नीट कान देऊन ऐकलं. त्यात माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं.